सरावाची आजी

ठोकळेताई : म्हणजे ती मुलगी नाहीच.

मॅडम : आधी बस तरी. कालपासून फोन उचलत नाहीस, आणि आज आल्या आल्या —

ठोकळेताई : ही बसले. आता सांगा. ती मुलगी आहे की नाही?

मॅडम : नाही.

ठोकळेताई : आई गेल्यापासून तोंड न उघडणारी. पेन्सिल हातात दिली की नुसती दारं काढत बसणारी.

मॅडम : नाही गं.

ठोकळेताई : दारंसुद्धा नाहीत?

मॅडम : दारं मी सुचवली होती.

ठोकळेताई : छान होती. मुलांच्या चित्रांतल्या दारांवर जे मिळेल ते वाचून काढलं मी. बंद दार, उघडं दार, कडी नसलेलं दार. बसमध्ये वाचायचे, जेवताना वाचायचे.

मॅडम : ठाऊक आहे मला. मूल्यमापनात तसं लिहिलंय मी. तयारी उत्तम, जिद्द उत्तम. इंटर्नशिपच्या वर्षात एवढी मेहनत घेणारी मुलगी मी पाहिली नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

ठोकळेताई : आणि आजींना नातीला घेऊन या म्हटलं की दर वेळी काहीतरी निघायचं. ताप. दात. मावशी आलीय. एकदा तर म्हणे मांजर व्यायलंय, त्याच्याजवळून उठत नाही.

मॅडम : ते मांजर आजींचं स्वतःचं. म्हणजे त्यांनी ऐनवेळी घातलं. मी नंतर त्यांना बोलले त्याबद्दल.

ठोकळेताई : मी पिल्लांची नावं विचारली होती, मॅडम. पुढच्या वेळी त्यांनी नावंही आणली.

मॅडम : हे बघ, चहा सांगू का?

ठोकळेताई : नको.

मॅडम : मग मी काय सांगते ते पूर्ण ऐक, आणि मग चीड. सरावाचे पालक ही काही मी काढलेली टूम नाही. तिकडे प्रशिक्षण केंद्रात तूही त्यांच्यासमोर बसलीयस. चिडलेला बाप, रडणारी आई, काहीच न बोलणारा काका. माणसं शिकवून तयार केलेली असतात, तुम्ही त्यांच्याशी बोलता, आम्ही बघतो. सर्जनला कोणी एकदम पोट फाडायला देतं का?

ठोकळेताई : तिकडे टेबलावर घंटी असते.

मॅडम : काय?

ठोकळेताई : पितळेची. तुम्हीच वाजवता. घंटी झाली की चिडलेला बाप उठतो, हसतो, म्हणतो छान झालं हं, पाणी मिळेल का. तिकडे घंटी असते म्हणून सगळ्यांना माहीत असतं. ही खोली शाळेतली आहे. इथे मुलं येतात. मला ठोकळेताई म्हणतात, कारण मी त्यांना चाचणीचे ठोकळे लावायला देते. त्या मुलांच्या रांगेत तुम्ही एक बाई पाठवलीत, आणि सगळं सत्र उलटलं तरी घंटी नाही.

मॅडम : वाजवणार होते. आजच. या बैठकीच्या शेवटी तुला सगळं सांगायचंच होतं. तू काल केंद्रात जायला नको होतंस.

ठोकळेताई : पहिल्या वर्षाच्या मुलांना ठोकळ्यांची पेटी हवी होती. तुम्हीच म्हणालात, देऊन ये.

मॅडम : हो. ते माझं चुकलं.

ठोकळेताई : चुकलं ते हे होय.

मॅडम : अगं, शब्दात नको पकडूस.

ठोकळेताई : मी दार ढकललं तर आजी टेबलावर हात आपटत होत्या. माझ्या पोराला काढून टाकणारे तुम्ही कोण, म्हणून. एक मुलगा समोर घामाघूम. मला आवाज ओळखू आला, पण म्हटलं, छे, आजी कशाला ओरडतील, त्यांना तर दोन वाक्यं बोलली की धाप लागते. मग त्या वळल्या. कोट तोच. आणि कोटाला माझ्या आईचं बटण.

मॅडम : बटण?

ठोकळेताई : ते मी त्यांनाच विचारीन. तुम्ही मला हे सांगा, कशासाठी?

मॅडम : तुझ्यासाठी.

ठोकळेताई : असं नका हो म्हणू.

मॅडम : मग काय म्हणू? आई गेली आणि तू आठवड्याभरात हजर. केस विंचरलेले, डबा आणलेला, कॉलर इस्त्रीची. केंद्रातून मला फोन आला, या मुलीला वर्षभर थांबवा म्हणून. समोर लहान मुलं, त्यांत दोघं-तिघं आई नसलेली. ही मधेच कोसळली तर जबाबदार कोण? मला दोन वाटा होत्या. तुला घरी बसवायचं, नाहीतर छातीठोकपणे सांगायचं की ही सक्षम आहे. छातीठोकपणे सांगायचं तर मला डोळ्यांनी बघायला हवं होतं.

ठोकळेताई : विचारायचं होतं.

मॅडम : विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी ठीक आहे. तू नेहमीच ठीक असतेस. तुझ्याइतकं ठीक माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

ठोकळेताई : खऱ्या मुलांबरोबर बघायचं होतं. कॅमेरा आहेच की या खोलीत. तो मला माहीत होता, त्याचं मला काही वाटत नव्हतं.

मॅडम : आणि खऱ्या मुलासमोर तुझा बांध फुटला असता म्हणजे? त्या मुलाचं काय? मी मूल पणाला लावणार नव्हते.

ठोकळेताई : मला लावलंत.

मॅडम : तू मोठी आहेस. आणि निकाल तर बघ. वाचू? चाचणी घेणं, पाच. निरीक्षण, पाच. ऐकून घेणं, पाच. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते कौशल्य, स्वतःचं दुःख समोरच्याच्या दुःखात मिसळू न देणं, पाचपैकी पाच. एकदाही तू स्वतःच्या आईचा उल्लेख केला नाहीस. आजी मला म्हणाल्या, पोरगी दगड आहे की देव आहे, कळत नाही.

ठोकळेताई : मी या खोलीतून उठून रोज स्वच्छतागृहात जायचे.

मॅडम : ते कॅमेऱ्यात येत नाही.

ठोकळेताई : नाही.

मॅडम : फक्त एका ठिकाणी तीन दिलेत. व्यावसायिक मर्यादा. तो डबा. स्वतःच्या घरातली वस्तू पालकांना द्यायची नसते, हे तुला पहिल्या महिन्यात शिकवलंय.

ठोकळेताई : ती मुलगी बोलत नव्हती, पण वस्तू रचायची. आजीच म्हणाल्या, चमचे रचते, चपला रचते. मला आईचा बटणांचा डबा आठवला. मी लहानपणी तापात पडले की आई तो माझ्या पांघरुणावर उपडा करायची. रंगानं लाव, भोकांनी लाव, कसंही लाव. म्हटलं, पोर चमचे रचतेय तर बटणं रचू दे. नियम मोडतोय हे मला कळत होतं. तीन बरोबर आहेत तुमचे. जास्तच आहेत.

मॅडम : हे बघ, असं स्वतःला —

ठोकळेताई : आता गॅसचं सांगा.

मॅडम : कसला गॅस?

ठोकळेताई : आजींच्या सुनेचा. शेवटी शेवटी दवाखान्यात माणसं ओळखेना, पण येईल त्याला विचारायची, गॅस बंद केलास ना? नर्सला, डॉक्टरला, फरशी पुसायला येणाऱ्या बाईला. सगळ्यांनी ‘हो, केला’ म्हणायचं ठरवूनच टाकलं होतं. आजींनी हे सांगितलं तेव्हा माझे हात टेबलाखाली होते. तेही कॅमेऱ्यात आलं नसेल. दारं तुम्ही सुचवलीत. मांजर त्यांनी घातलं. गॅस कोणी?

मॅडम : प्रसंग खरा वाटायला एखादा खरा तपशील लागतो. वरवरचा असता तर तू लगेच ओळखलं असतंस. तू हुशार आहेस. आणि तो तपशील तुझ्या सर्वांत जवळचा होता. तिथे तू टिकलीस, तर कुठेही टिकशील.

ठोकळेताई : तो मी तुम्हाला गाडीत सांगितला होता.

मॅडम : हो.

ठोकळेताई : मी परत आले त्या संध्याकाळी. तुम्ही म्हणालात, चल सोडते. पेट्रोल पंपाच्या पुढे गाडी बाजूला घेतलीत, इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, आता बोल. मी कोणाशी बोलले नव्हते. भावाशीही नाही. तुमच्याशी बोलले. तुम्ही माझा हात धरून बसला होतात.

मॅडम : तेही खरंच होतं. हात धरला तो मनापासून धरला.

ठोकळेताई : गाडीत तुम्ही माझ्या वरिष्ठ होतात की कोण होतात?

मॅडम : दोन्ही.

ठोकळेताई : मला एकच दिसत होतं. आईचे कपडे भावानं वाटून टाकले. फोटो सगळ्यांकडे सारखेच आहेत. ते एक वाक्य तेवढं माझ्याकडे होतं. ते मी तुमच्याकडे ठेवायला दिलं, आणि तुम्ही ते एका बाईंना पाठ करायला दिलंत.

मॅडम : असं म्हटलं की फार वाईट दिसतं.

ठोकळेताई : आजींनी ते सांगितलं त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले. आई गेल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवले. मला वाटलं, आणखी एका घरात कोणीतरी हेच विचारत गेलंय. म्हणजे हे असं होत असतं. म्हणजे माझी आई काही एकटी नव्हती त्यात. महिनाभर मी त्याच्यावर जगले, मॅडम. आणि ती बाई माझीच आई होती.

मॅडम : मला हे माहीत नव्हतं. तू कधी बोलली असतीस तर —

ठोकळेताई : बोलले नाही म्हणूनच पाच मिळाले ना?

मॅडम : ... तू रागावणार, हे मी धरून होते. रागाव. तुझा हक्क आहे. पण आज या मूल्यमापनावर सही होऊ दे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, ही खोली तुला मिळावी म्हणून मी जिवाचं रान केलंय. माझ्यामागे इथे दुसऱ्या कोणाला मी बघूच शकत नाही. सोड. राग महिन्यानं उतरेल, नोकरी राहील.

ठोकळेताई : सकाळी एक गृहस्थ आले होते.

मॅडम : कोण?

ठोकळेताई : चौथीतल्या त्या चष्मेवाल्या मुलाचे वडील. बायको घर सोडून गेली म्हणाले. पोराला काय सांगू, म्हणाले. आणि रडायला लागले. आणि मी काय करत होते माहितीय? मी त्यांचे बूट बघत होते. बूट त्यांच्या कामाला शोभतात का. रडताना डावा हात उगाच जास्त हलतोय का. मधेच मी विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं?

मॅडम : अरे देवा.

ठोकळेताई : ते म्हणाले, पाठवलं म्हणजे? माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, म्हणाले, माफ करा, तुमचा वेळ घेतला. मी फाटकापर्यंत धावले. पण तोवर ते गेले होते.

मॅडम : मी त्यांना फोन करते. आत्ता करते. ते मी सांभाळते.

ठोकळेताई : ते तुम्ही सांभाळाल. त्याचे किती?

मॅडम : कसले किती?

ठोकळेताई : ऐकून घेणं. काल पाच होते. आज सकाळी किती?

मॅडम : आज तू अस्वस्थ होतीस. एका दिवसावरून —

ठोकळेताई : या खोलीत मला एकच गोष्ट येत होती. समोरचा जे सांगतो ते आधी खरं धरायचं. बाकीचं सगळं पुस्तकातलं. हे एक माझं होतं. हेच तुम्ही तपासायला घेतलंत, आणि तपासता तपासता मोडलंत.

मॅडम : बसतं पुन्हा. सगळं पुन्हा बसतं. मीही माझ्या वेळी —

ठोकळेताई : तुमच्या वेळचं नको. मी आज सही करणार नाही. उद्याचं मला माहीत नाही. त्या गृहस्थांना मात्र तुम्ही फोन करू नका. मी घरी जाते त्यांच्या.

मॅडम : घरी? अगं, मर्यादा —

ठोकळेताई : मग आणखी एक कमी करा.

मॅडम : ... बरं. आजी बाहेर बसल्यात. डबा घेऊन आल्यात. मी थांबू इथे?

ठोकळेताई : तुम्ही जा, मॅडम. आणि तो कॅमेरा बंद करा.

(मॅडम कॅमेऱ्याची वायर काढून बाहेर जातात. कोट घातलेली एक वयस्क बाई दारात येते. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.)

आजी : येऊ का? की आता बंदी?

ठोकळेताई : या. बसा.

आजी : खुर्ची तीच घेते हं, हीटरजवळची. सवय झालीय बुडाला.

ठोकळेताई : आज लंगडत नाही तुम्ही.

आजी : पाय त्या पात्रातल्या आजीचा दुखायचा. म्हणजे माझाही दुखतो, पण माझा डावा, तिचा उजवा. एकदा गडबडीत मी डाव्यानं लंगडत आत आले, तुम्हाला आठवत असेल. मला घाम फुटला होता.

ठोकळेताई : मी डॉक्टरांचा पत्ता दिला होता त्या दिवशी. दोन्ही पाय दाखवा म्हटलं होतं.

आजी : गेले होते मी. चांगला आहे डॉक्टर. ... हसू नये, नाही का? मला कुठे काय करावं ते कळत नाही. जन्म गेला पोस्टाच्या खिडकीत, समोरच्याला पावती दिली की पुढचा. नाटकात कामं करायचे हौशी, सासूची, शेजारणीची. निवृत्त झाल्यावर कोणी बोलावेना. मग केंद्रात बोलावलं. म्हटलं, चला, कोणीतरी ऐकेल तरी.

ठोकळेताई : मी ऐकलं.

आजी : हो. तुम्ही फार ऐकलंत.

ठोकळेताई : तुम्हाला माहीत होतं? मला ठाऊक नाही हे?

आजी : आमचा एकच नियम, घंटी होईपर्यंत पात्र सोडायचं नाही. मी दोनदा विचारलं मॅडमना, अहो, घंटी कधी? त्या म्हणाल्या, शेवटी. मला वाटलं, वरच्या वर्गाला असंच असेल. तुम्हाला माहीत असेल आणि तुम्ही माझ्यापेक्षा सरस नट असाल, असंही वाटलं एकदा. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं की पोरीला माहीत नाही. पिल्लांची नावं विचारलीत तेव्हा.

ठोकळेताई : तरी पुढच्या वेळी नावं आणलीत.

आजी : आणली.

ठोकळेताई : का?

आजी : तुम्ही वाट बघत असाल म्हणून.

ठोकळेताई : ... गॅसचं वाक्य कोणाचं आहे ते सांगितलं तुम्हाला?

आजी : आत्ता, बाहेर. मॅडमनी सांगितलं. मला आधी वाटलं त्यांनी लिहिलंय. मी त्यांना म्हटलंही होतं, काय झकास लिहिलंय हो, गॅसचं. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं माझ्या. बाई कौतुक केलं की फुलतात एरवी.

ठोकळेताई : माहीत असतं तर बोलला नसतात?

आजी : नसते बोलले. ... थांबा. मघाशीच म्हटलं खोटं नको. बोलले असते बहुतेक. भूमिका चांगली होती.

ठोकळेताई : रडलात तुम्ही ते सांगताना.

आजी : मला येतं तसं रडता. डोळे ओले होतात खरेच, पण ते येतं मला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणू शकते की नाही, ते मनापासून होतं. पण तुम्हाला आता माझं काहीच खरं वाटणार नाही. मग कशाला?

ठोकळेताई : हे बरं केलंत.

आजी : एक विचारू? मला लिहून दिलं होतं की शेवटच्या खेपेला सून विचारत होती तेव्हा घरचं कोणी जवळ नव्हतं. तेही तुमचंच?

ठोकळेताई : मी चहा आणायला खाली गेले होते. परत आले तर नर्स म्हणाली, आत्ताच विचारत होत्या, गॅसचं.

आजी : मग हो कोणी म्हटलं?

ठोकळेताई : नर्सला फोन आला होता. कोणीच नाही.

आजी : हं. ... हे नव्हतं दिलं मला.

ठोकळेताई : हे मी गाडीत सांगितलं नव्हतं.

आजी : नाही विचारायला हवं होतं मी.

ठोकळेताई : डबा द्या.

आजी : हा घ्या. मी वापरला नाही फारसा. म्हणजे मला वाटलं, हा केंद्राचाच. तिकडे कपाटभर सामान असतं, बाहुल्या, खोटी प्रगतिपुस्तकं, एक कुबडी. म्हटलं, हेही त्यातलंच. तुम्ही तो असा दोन्ही हातांनी दिलात, तर मला वाटलं, काय सुंदर करतेय पोरगी.

ठोकळेताई : झाकणावर होडी होती. मीच खरवडून काढली लहानपणी. ... यात एक नाहीये.

आजी : कुठलं?

ठोकळेताई : गर्द निळं. मोठं. चार भोकांचं.

आजी : अगं बाई.

ठोकळेताई : आईच्या हिवाळी कोटाचं होतं. कोट फाटला, बटणं आईनं काढून ठेवली. बाकीची हरवत गेली, हे एक राहिलं. डब्यात हात घातला की आधी तेच लागायचं. वजनानं कळायचं.

आजी : माझ्या कोटाचं वरचं तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी इथे यायचं होतं, वारा होता. समोर डबा. मला काय माहीत हो. चांगलं बसलंय म्हणून आरशात बघितलंसुद्धा. ... हे. हेच ना?

ठोकळेताई : हेच.

आजी : शोभतं तसं. नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. कात्री आहे का?

ठोकळेताई : खणात आहे. मुलांची आहे, बोथट.

आजी : कापा तुम्हीच. मला मानेखाली दिसत नाही. हनुवटी वर करते.

ठोकळेताई : हलू नका.

आजी : घट्ट शिवलंय मी. पोस्टातली बाई, गाठ मारली की मारली.

ठोकळेताई : दुहेरी दोरा घेतलात.

आजी : टिकावं म्हणून. ... तुम्हाला मनात तरी येतंय का, की म्हातारीला राहू द्यावं?

ठोकळेताई : नाही.

आजी : बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

ठोकळेताई : निघालं.

आजी : दोरा राहिलाय भोकांत. काढून देऊ?

ठोकळेताई : मी काढीन घरी.

आजी : बरं. ... वारा सुटलाय मघापासून. गळा उघडाच राहणार आता.

ठोकळेताई : ही पिन घ्या. थांबा, मी लावते. टोचली का?

आजी : नाही. थंड हात आहेत तुमचे. हे मी आधीही म्हटलं होतं, पहिल्या दिवशी. तेव्हाही मीच म्हटलं होतं, तिनं नाही. एवढं एक लक्षात ठेवा हवं तर. नका ठेवू.

ठोकळेताई : केंद्रात पुन्हा जाणार?

आजी : उद्या आहे एक भूमिका. घटस्फोट झालेली बाई. घंटीवाली. मी आत गेल्या गेल्या बघणार आधी, घंटी आहे का टेबलावर.

ठोकळेताई : त्या मुलांना दमवू नका फार.

आजी : एखादा ढ असतो, त्याला दमवायलाच लागतं. ... निघू मी? तुम्हीही निघताय?

ठोकळेताई : एका घरी जायचंय. सकाळी आले होते त्यांच्याकडे.

आजी : माफी मागायला?

ठोकळेताई : ऐकायला. माफीचं बघू, दार उघडलं तर.

आजी : मग बरोबरच चला, फाटकापर्यंत. पिशवी घेतलीत? डबा घेतलात? हीटर बंद केलात ना?

ठोकळेताई : ...

आजी : अगं बाई. नाही, नाही हो. ते नव्हे. पायाशी लाल दिवा दिसला म्हणून तोंडातून गेलं. हे कोणी लिहून दिलेलं नाही. शपथ घेऊ कसली?

ठोकळेताई : शपथ नको. थांबा जरा.

आजी : थांबते.

ठोकळेताई : हो. केला बंद.